चांगल्या गुडघ्याला तेल

ओमानच्या या दुक्मला कबड्डी नाही. रिफायनरी आहे, बंदर आहे, कान बधिर करणारा वारा आहे आणि करारावर आलेले आमच्यासारखे बाप्ये आहेत. ड्यूटी सुटली की जो तो मोबाईल घेऊन आपापल्या खाटेवर पडतो. मी कधीमधी कॅम्पच्या मागे जातो, बुटाच्या टाचेने मातीत एक रेघ ओढतो, तिच्याकडे जरा वेळ बघतो आणि परत येतो. कबड्डीला इकडे सात गडी लागतात, तिकडे सात, आणि बाहेर बसून भांडायला किमान वीस. चौदा इथे एखाद् वेळेस जमतीलही, पण ते भांडणारे वीस कुठून आणू?

आधी मी उत्तरेला सहमकडे होतो, तिथे होते. आणि काय भांडायचे महाराजा!

तेव्हा मी सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आमचं मैदान सहमला, एका अर्बाबच्या खजुराच्या बागेमागे. हा अर्बाब, म्हणजे बागेचा मालक, म्हातारा आणि देवमाणूस होता. कबड्डी त्याला शेवटपर्यंत कळली नाही. ही माणसं दम कोंडून एकमेकांना मिठ्या मारतात आणि मग तासभर वाद घालतात, एवढंच त्याला समजलं होतं, आणि ते बघायला तो दर शुक्रवारी खुर्ची टाकून बसायचा. रेतीत शेतातली माती मिसळून आम्ही ते मैदान केलं होतं. बागेचा टँकर येऊन पाणी मारून जायचा. मग आम्ही ते तुडवायचं, सुकू द्यायचं, पुन्हा तुडवायचं आणि फक्कीने रेषा आखायच्या. ओली माती पायाला लागली की क्षणभर वाटायचं, चिपळूणच्या पुढे कुठेतरी आहोत. मग बागेपलीकडच्या मशिदीत अजान व्हायची, खेळ थांबायचा आणि आपण कुठे आहोत ते आठवायचं.

बातिना किनाऱ्यावर कोकणातल्या गावांचे असे बरेच संघ होते. आमचा संघ आमच्या गावाचा आणि आसपासच्या वाड्यांचा. आमचा खरा दावा खाडीपलीकडच्या गावाशी. तिकडे कोकणात मध्ये खाडी होती, इथे त्यांचा कॅम्प आणि आमचा कॅम्प यांच्यामध्ये फक्त एक पेट्रोल पंप होता. सबब भांडण जास्त सोयीचं झालं होतं. पंच म्हणून आम्ही विदर्भातले एक इंजिनियर साहेब धरून आणायचो, कारण त्यांना कोकणातल्या कुठल्याच गावाबद्दल काही वाटत नव्हतं.

खेळायचे आम्ही, पण संघ चालवायची ती न खेळणारी मंडळी. मैदानाजवळ एका मलबाऱ्याचं करक चहाचं दुकान होतं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ही मंडळी बसायची. एकाला साखर, एकाला रक्तदाब, एकाचं पोट असं की बुटाची नाडी दुसऱ्याने बांधावी. आणि हे आमच्या तब्येतीवर बोलणार! "त्याच्या मांडीत दम राहिला नाय." "तो वळतो कसा बघितलास? बैलगाडी वळते तसा." मी म्हणायचो, दादा, तुम्ही एकदा उठून दाखवा खुर्चीतून, मग बोला. तर म्हणायचे, "आम्ही डोक्याने खेळतो." या सगळ्यांचा म्होरक्या आमच्या मेसचा आचारी. त्याची डाळ पातळ असायची पण मतं घट्ट.

आता नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हंगामाआधी प्रत्येक संघाने बारा नावं जाहीर करायची. सात मैदानात, पाच राखीव. उरलेले ते 'ब' संघात. या 'ब'वाल्यांसाठी पुढचा आठवडा मोकळा. दुसऱ्या कुठल्याही संघाने त्यांच्यातला हवा तो गडी मागावा, गडी हो म्हणाला की तो त्यांचा. गड्याला नाही म्हणायचाही हक्क. हेतू चांगला होता. आठवड्याची एक सुट्टी, ती कोणी 'ब'मध्ये कुजत का घालवावी?

पण हा नियम आमच्या मुळावर आला. आधीच्या हंगामात आमचा 'ब'मधला एक डावखुरा चढाईवाला किनाऱ्यावरच्याच बरका गावच्या संघाने उचलला, आणि त्यानेच नंतर आमच्यावर लोण चढवला. म्हणजे आमचे सगळे गडी बाद. मंडळी महिनाभर नीट जेवली नाहीत. "आपण झाडाला पाणी घालायचं आणि आंबा दुसऱ्याने काढायचा," असं आचारी डाळ वाढता वाढता रोज म्हणायचा.

त्या वर्षी तेरावा मी होतो.

मी उजवा कोपरा. कोपऱ्यावरच्या गड्याचं काम एकच, चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. ते मला येत होतं. स्वतःचं कौतुक करतोय असं वाटेल, वाटू दे. मला ते बाबांनी शिकवलं होतं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि आमच्या गावच्या संघाचे उजवा कोपरा. मी लहान असताना अंगणात ते स्वतःचा पाय पुढे करायचे आणि म्हणायचे, धर. मी धरला की झटकायचे, मी शेणाच्या सारवणावर पालथा. परत धर. त्यांचा घोटा माझ्या हातात राहायला लागला तेव्हा मिसरूड फुटलं होतं मला. त्यामुळे मला कुठल्याही संघातून नव्हतं खेळायचं. आमच्याच गावच्या संघातून उजव्या कोपऱ्यावर उभं राहायचं होतं, जिथे ते उभे राहायचे. बस्स, एवढंच.

आणि बारावी जागा होती अण्णांकडे. अण्णा वेल्डिंगचे फोरमन, पन्नाशीला टेकलेले. त्यांनीच हा संघ उभा केला होता. पहिल्या हिवाळ्यात कॅम्पाकॅम्पांत जाऊन एकेक माणूस गोळा केला होता. उजव्या कोपऱ्यावर उभे राहायचे आणि अजून चढाईलाही जायचे. गेले की परत येईपर्यंत आम्ही देवाचं नाव घ्यायचो. त्यांना थांबायला हवं होतं हे सगळ्यांना कळत होतं.

"अण्णांना सांगा, आता तुम्ही बाहेरून शिकवा," एकाने चहाच्या दुकानात विषय काढला.

"मग सांग ना."

"मी कशाला? तू सांग. तुझ्या भावकीतले आहेत."

"भावकीतले आहेत म्हणूनच नको."

मग सगळे चहा प्यायला लागले. मी तिथेच उभा, हातात ग्लास. माझ्या जागेवर चर्चा चाललीय आणि मला कुत्रंसुद्धा विचारत नाही. मी चिडून निघालो, तर आचाऱ्याने हाताला धरून बसवलं.

"ऐक. हा हंगाम तू 'ब'मध्ये काढ. पुढच्या वर्षी अण्णा स्वतःच बसतील, मग उजवा कोपरा तुझा. फक्त तोपर्यंत तुला लपवायला पाहिजे."

"लपवायला मी काय डिझेलचा डबा आहे?"

"गावाला फणस चांगला धरला की आपण काय सांगतो? काय नाय यंदा, सगळे किडके. आंबा कसाय विचारलं तर? मोहोर जळला. का? कोणाची नजर नको आणि कोणी मागायला नको. तुझं तसंच करायचं. यादी जाहीर व्हायला महिना आहे. महिनाभर बोंब मारायची की तू संपलास. गुडघा गेला म्हणायचं. मग कोण मागतंय तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मंडळी एवढी खूश झाली की मलबाऱ्याकडून आणखी एक फेरी चहा आला. अट एकच, घरीसुद्धा सांगायचं नाही. आणि ते खरंच होतं. घरी सांगितलं की वाडीत, वाडीत गेलं की तरीच्या होडीतून खाडीपलीकडे, आणि खाडीपलीकडून सहमला बातमी यायला चहा निवायचीही गरज नाही. मी शब्द दिला. पुढच्या वर्षीचा कोपरा दिसत होता ना समोर.

मग सुरू झालं. मंडळींनी तोंड सैल सोडलं. माझा गुडघा गेला. मग गुडघ्याबरोबर कंबर गेली. मी ड्यूटीवर झोपतो. मला जिना चढवत नाही. मी मैदानावर लंगडत यायचो, आणि एकदा डाव्या पायाने लंगडलो तर आचारी कानात खेकसला, "उजवा, मेल्या, उजवा!" पहिले दोन शुक्रवार मला मजा वाटली. फॅमिली घेऊन सामने बघायला येणाऱ्या एका साहेबांची चिमुरडी मला म्हणाली, "अंकल, तुमचा लेग खूप दुखते?" तिच्या आईने तिला मागे ओढलं, तेव्हा मात्र कसंतरी झालं. लोकांनी आपल्याला संपलेला म्हणावं आणि आपण मान डोलवावी, हे रोज रोज पचत नाही.

व्हायचं तेच झालं. बातमी घरी पोचली. मी कधी सांगितलं नव्हतं तरी बाबांना गुडघा, कंबर, जिना, सगळं पाठ झालं होतं.

"कुठला गुडघा?" फोनवर पहिला प्रश्न.

"उजवा."

"कसा काय झाला?"

आता काय सांगू? मी म्हटलं, असाच, शिडीवरून उतरताना. खोटं बोलताना माझी जीभ अडखळते, आणि ती अडखळ त्यांना दुखण्याची वाटली. मागून आई म्हणाली, "दोन दिवस यांचं जेवणात लक्ष नाय रे." तोंडावर आलं होतं, बाबा, काही झालेलं नाही मला, धडधाकट आहे. पण दिलेला शब्द गिळता येईना.

पुढच्या आठवड्यात गावाहून परतणाऱ्या एकाच्या बॅगेतून माझ्यासाठी बाटली आली. प्लास्टिकच्या चार पिशव्यांत गुंडाळलेली, वर चिकटपट्टी. निर्गुडीचं तेल. बाबांनी स्वतः पाला आणून, कढवून, गाळून केलेलं. आणून देणारा म्हणाला, "बापूस तुझा एसटी स्टँडपर्यंत आला होता द्यायला. म्हणाला, रात्री चोळ आणि फडक्याने बांध." मी खोलीत बसून माझ्या चांगल्या गुडघ्याला ते तेल चोळलं. वास असा सणसणीत की खोलीतले दोघे दार उघडं टाकून बाहेर गेले. का चोळलं? बाबा विचारणार, चोळलंस का, आणि तेवढं तरी खरं सांगता यावं म्हणून.

आणि विचारलंच. यादीच्या दोन दिवस आधी व्हिडिओ कॉलवर. "उकिडवा बस बघू." मी बसलो. "ऊठ." उठलो. नाटक करायचं भान राहिलं नाही. बाबांनी बस म्हटलं की मी लहानपणापासून बसतोच. त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "बघ! गुण आला ना तेलाचा? आता घेतील ना तुला बारांत?"

"बघू, बाबा," मी म्हटलं.

यादी लागली. बारावं नाव अण्णांचं. माझं 'ब'मध्ये, ठरल्याप्रमाणे. आठवडाभर सगळे संघ घिरट्या घालत होते आणि आमची मंडळी छातीवर हात मारून माझ्या गुडघ्याची हळहळ करत होती. बरकावाल्यांनी आमचा एक नवखा चढाईवाला मागितला, तो गेला. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मोकळ्या आठवड्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारनंतर सगळे मैदानावर जमले. कोणाला कोणी मागायचं राहिलंय का, असं पंच साहेबांनी विचारलं. आचाऱ्याने मला हळूच डोळा मारला.

आणि खाडीपलीकडचे भाऊ उभे राहिले.

हे भाऊ म्हणजे त्यांच्या संघाचे प्रमुख, सोहारला एका गोदामात स्टोअरकीपर, साठीला आलेले. आणि बाबांचे जुने वैरी. त्यांची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला भाऊ आले, बाबांनी घोटा धरला. भाऊ म्हणाले, हात मधल्या रेषेला लागला. बाबा म्हणाले, लागला नाही. पंचाने गुण भाऊंना दिला, सामना गेला, आणि बाबांनी तिथेच सांगितलं, आजपासून या गावचं पाणी मला वर्ज्य. आणि पाळलं. माझ्या सख्ख्या मावसबहिणीचं लग्न त्या गावात झालं, तर बाबा घरातून बाटली घेऊन गेले होते.

भाऊ म्हणाले, "आम्हाला उजवा कोपरा पाहिजे," आणि माझ्याकडे बोट केलं.

मग आचारी ओरडला, "भाऊ, अहो त्याचा गुडघा गेलाय!"

"असू दे. आम्हाला लंगडा चालतो."

"कंबर पण गेलीय!"

"कंबरेचं आम्ही बघू," भाऊ म्हणाले. तिकडच्या बाजूने हशा उसळला. आमची सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. त्या नजरेत एकच प्रश्न होता, फोडलंस कोणाकडे? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. महिनाभर लंगडलो, बापाशी खोटं बोललो, आणि वर चोर मीच!

भाऊंनी मला त्यांच्या पिकअपपाशी बाजूला नेलं. मी आधीच म्हटलं, "भाऊ, मी नाही म्हणणार. मला आमच्यातूनच खेळायचंय."

"म्हण ना. हक्क आहे तुझा. पण आधी ऐक. तुझ्या बापाचा फोन आला होता मला."

मला वाटलं थट्टा करतायत.

"मलाही वाटलं, कोणीतरी मस्करी करतंय. तर तोच. बोलला, 'मुलाचा गुडघा गेला होता, तो मी बरा केलाय. तरी आमच्या लोकांनी त्याला बसवला. तू घे. त्याच्या गुडघ्याची जबाबदारी माझी.' मी बोललो, एवढी वर्षं आमच्या गावचं पाणी नाय प्यायलास आणि आज मागणं मागतोस? तर बोलला, 'तेवढ्यासाठी अडणार असशील तर उद्या येऊन पितो.'"

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी तरीत बसून गेला. माझ्या घरी, ओसरीवर बसला, बायकोकडे पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायला. तिने मला फोन करून सांगितलं. सांगताना रडत होती."

मी पिकअपच्या दाराला टेकलो. एसटीच्या अधिकाऱ्यापुढेही कधी मान खाली न घातलेला माणूस. कोणासाठी गेला? ज्याला काहीच झालेलं नव्हतं त्याच्यासाठी.

भाऊ म्हणाले, "आणि आता दुसरं ऐक. हे त्याला कधी सांगायचं नाय. त्याचा फोन यायच्या आधीच माझं ठरलं होतं तुला घ्यायचं."

"कसं काय?"

"अरे, मी पण कोकणातलाच ना? तुमची माणसं एका 'ब'मधल्या पोराला महिनाभर एवढ्या शिव्या घालतायत. फुकट? जो फणस किडका म्हणून गावभर सांगतात, तोच झाडावर चढून बघायचा असतो. तुमच्या त्या आचाऱ्याला सांग, अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तेव्हा माझा हात रेषेला लागला नव्हता. ते पण त्याला सांगू नको."

म्हणजे बाबांनी जे केलं ते दोन्हीकडून फुकट होतं. मला त्याची गरज नव्हती आणि भाऊंनाही नव्हती. पण नाही म्हटलं तर? ते पाणी काय म्हणून प्यायले ते? गावात उद्या विचारतील, गेला होतास ना त्यांचं पाणी प्यायला, काय झालं मग? आणि खरं सांगितलं तर त्याहून वाईट. आमचीच माणसं तुम्हाला बनवत होती बाबा, आणि मीही त्यांच्यात होतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी मैदानात परत गेलो आणि पंच साहेबांना सांगितलं, "हो. जातो मी."

आमच्याकडे जो गोंधळ झाला तो विचारू नका. "फितूर!" आचाऱ्याने तर ग्लास आपटला. कोणी म्हणालं, पैसे खाल्ले असतील. मला एक वाक्य बोलता आलं असतं तर सगळे गप्प झाले असते. पण बाबांचं ते तरीत बसून जाणं मला चहाच्या दुकानात चघळायला द्यायचं नव्हतं. म्हणून मी उलट त्यांच्यावरच उखडलो. "महिनाभर मला लंगडा केलात! दुसऱ्याने उचलला तर आता का रडताय? आम्हाला लंगडा नको होता ना तुम्हाला?" शब्द उलटसुलट झाले, पण राग खरा होता. पुढे किती तरी शुक्रवार मेसमध्ये माझ्या ताटात डाळीचं फक्त पाणी यायचं.

मग तो दिवसही आला, खाडीपलीकडच्यांचा आमच्याशी सामना. माझ्या अंगावर त्यांचा निळा बनियन, समोर आमचा पिवळा. मैदानाबाहेर भाऊंनी मोबाईल उंच धरला होता, त्यात बाबा. मागे आमचं अंगण आणि वाडीतली निम्मी माणसं. अजान झाली, थांबलो, परत उभे राहिलो. गुण बरोबरीत. शेवटची चढाई आमच्या, म्हणजे पिवळ्यांच्या बाजूची. त्यांचे चांगले चढाईवाले बाद होऊन बाहेर बसले होते. उरले होते ते आले. अण्णा.

देवा, अण्णा नको, असं मी खरंच मनात म्हटलं. पण ते दम धरून सरळ माझ्याच कोपऱ्याकडे आले. पाय पुढे आला, जसा अंगणात यायचा तसा. आणि हाताने विचारलं नाही मला, धरलाच. अण्णा झटकत होते, मी तोंडावर पडलो, नाकात माती गेली, पण सुटला नाही. मग सगळे वर येऊन पडले. त्या ढिगाखाली अण्णांचं तोंड माझ्या कानापाशी होतं. दम सुटल्यावर म्हणाले, "बापाचाच हात आहे रे तुझा. मी बघितलाय तो." आणि उठताना, "पुढच्या वर्षी मी बसतो. तू ये परत."

मी मोबाईलकडे धावलो. बाबा ओरडत होते, आवाज फाटत होता, काही कळत नव्हतं. एवढंच कळलं, "बघितलंस? मी शब्द टाकला म्हणून!"

"हो बाबा," मी म्हटलं. "तुम्ही टाकलात म्हणून."

पुढचं वर्ष आलंच नाही. म्हणजे आलं, पण हंगामाआधी मला प्रोजेक्टवर इकडे दुक्मला पाठवलं. अण्णा कायमचे गावी गेले. मंडळी पांगली, आचारी सलालाला गेला. जाताना त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "तुला काहीतरी कारण होतं, मला नंतर वाटलं. विचारत नाय." त्या मैदानावर आता लिंबाची झाडं आहेत असं ऐकतो. आमच्या गावचा पिवळा बनियन घालून उजव्या कोपऱ्यावर मी कधीच उभा राहिलो नाही. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? रेघ ओढून बघत उभा राहतो ते त्यासाठीच.

मागच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबा म्हणाले, चल, भाऊकडे जाऊन येऊ. भाऊ नोकरी संपवून आलेत. तरीतून उतरून त्यांच्या ओसरीवर गेलो. भाऊ पाय लांब करून बसले होते. गुडघा खरोखरच गेलाय त्यांचा. बाबांनी पिशवीतून बाटली काढली, तीच निर्गुडी, तोच वास. स्वतः खाली बसले आणि वैऱ्याच्या गुडघ्याला तेल चोळायला लागले.

"याचा गेलेला गुडघा बरा झाला या तेलाने," माझ्याकडे मानेने दाखवत ते भाऊंच्या सुनेला सांगत होते. "आणि मी त्या दिवशी फोन केला नसता ना, तर हा तिकडे बसूनच राहिला असता. काय रे भाऊ?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"नाय तर काय," भाऊ म्हणाले. "मी याला घेणारच नव्हतो. तुझा शब्द मोडवला नाय म्हणून घेतला."

बाबा हसले, तेलकट हात पंच्याला पुसले. सुनेने पाणी आणून ठेवलं. त्यांनी तांब्या उचलून वरून तोंडात धार धरली, निम्मा संपवला आणि तो माझ्यापुढे केला.

"पी," म्हणाले. "खाडीकाठचं आहे, पण गोड आहे यांच्याकडचं पाणी."